पैलवान पडतात

नळदुर्गच्या जत्रेत फड गाजवलेले आमचे शेजारी पैलवान गुडघे गेल्यापासून माझ्या व्हिडिओ गेमवर कुस्ती खेळतात. टीव्हीच्या पाया पडतात, खुर्चीतच शड्डू ठोकतात आणि हरतात.

मला दया आली. गेममध्ये चीटिंग करायचं एक यंत्र मी आणून जोडलं. "आता तुम्ही पडतच न्हाय, पैलवान."

समोरचा गडी लगेच चीत झाला. पैलवान मात्र टीव्हीकडे वाकून बघायला लागले.

"ह्यानं मला हलवलं बी न्हाय. ठरवून पडला व्हय?"

"तसंच समजा."

"म्हंजे नूरा कुस्ती! माझ्या नावावर?"

त्यांनी यंत्र उपटलं, टीव्हीतल्या गड्याची हात जोडून माफी मागितली, पुन्हा शड्डू ठोकला आणि क्षणात चीत झाले. मग लई खुशीत यंत्र माझ्या हातावर ठेवलं.

"हे तूच ठेव. तुला लागंल."