आमच्याकडची मोलकरीण

दोनशे वर्षांची समई मी चिंच-मीठ लावून घासली, लख्ख केली आणि वर शाबासकीची वाट बघत उभी राहिले. एवढी हुशार होते मी!

युरोपातला जुना राजवाडा, आता तिथे संग्रहालय. जुन्या वस्तू जपायचं शिक्षण घेऊन नाशिकहून सहा महिन्यांच्या उमेदवारीला गेले होते. वय तेवीस. कोट उसना, नाक मात्र स्वतःचं, आणि ते वर. कोठारात आपल्याकडची समई दिसली. काळीकुट्ट. शेजारी त्यांच्या राजाची चांदी चमकत होती. मला कसंतरीच झालं. धातूवरचा जुना थर म्हणजे त्या वस्तूचं वय, त्याला हात लावायचा नाही, हे मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी मार्क! तरी दुसऱ्या दिवशी आमटीसाठी नेलेली चिंच खोलीवरून आणली आणि जेवणाच्या सुट्टीत घासत बसले.

संचालकांनी समई बघितली आणि खुर्चीत बसलेच. बोलल्या त्या पुण्याच्या एक बाई, तिथे वरच्या हुद्द्यावर होत्या. मराठीत बोलल्या, मला नीट लागावं म्हणून.

"भांडी घासायची सवय घरचीच दिसतेय."

मग तेच इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले.

मीही हसले. म्हणाले, "छे हो मॅडम. आमच्याकडची मोलकरीण अशी घासते. तिचं बघून केलं."

आमच्याकडे मोलकरीण! पंचवटीतल्या आमच्या एका खोलीत मोलकरीण उभी राहायची तर आम्हा चौघांना बाहेर जावं लागलं असतं.

ती मोलकरीण म्हणजे माझी आई. चार घरची धुणीभांडी करायची. एका घरी देवाची भांडी तिने मागच्या दारी घासून ठेवायची, मालकीणबाई त्यावर पुन्हा पाणी ओतणार, मगच आत नेणार. आमच्या हाताचा विटाळ. मी शेजारी बसून चिंच कोळून द्यायचे आणि ते पाणी ओतणं रोज बघायचे. परदेशात जाऊन मी तेच केलं. आईवर पाणी ओतलं.

झाल्या प्रकाराचा लेखी अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. ही पद्धत कोणाकडून शिकलात? लिहिलं, मोलकरीण. पुढचा रकाना, तिचं पूर्ण नाव. झाली का पंचाईत! आईचं आडनाव तर माझंच. दुसरं एखादं नाव शोधत बसले. सापडलंही. लिहायला पेन टेकवलं आणि स्वतःचीच किळस आली.

मोलकरीण खोडलं. लिहिलं, "माझी आई. ती लोकांची भांडी घासते. जुन्या वस्तूला हात लाव असं तिने सांगितलं नव्हतं. चूक माझी." आणि तिचं पूर्ण नाव.

बाईंनी वाचलं. "हे खोड. आपल्या देशाची शोभा होते इथे."

"शोभा तुम्ही काल केलीत, मॅडम. मी खोडणार नाही."

उमेदवारी दोन महिने आधीच संपली. समईपायी की या उत्तरापायी, कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून अर्ज असो, मुलाखत असो, सत्काराचं भाषण असो, आईचं काम मी सांगते. कोणी हसलं तर त्याचं हसू संपेपर्यंत थांबते आणि पुन्हा सांगते. नाती म्हणतात, "आजी, पुरे ना आता!" पुरे नाही. मरेपर्यंत सांगणार.

नाशिकला परतले त्याच दिवशी आईला सगळं सांगून टाकलं होतं. वाटलं होतं, अहवालाचं ऐकून जवळ घेईल. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मोलकरीण म्हणलीस त्याचं मला काय नाय. ती तर मी हायेच. पण तवा आई म्हणली नाहीस. ते मी इसरणार नाय. तू बी इसरू नको."