हिराकाकीचा चोरीचा वेल

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही पानं माझ्यापुरतीच आहेत, तरी कोणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला आणि हिराकाकीकडे बघा.

पेणला आमच्या चाळीत हिराकाकीची खोली शेजारचीच. तिच्या खिडकीत काचेच्या बाटलीत मनीप्लांट होता. खिळ्याखिळ्यावरून तो भिंतभर फिरला होता आणि काकांच्या फोटोला वळसा घालून पार दारावर आला होता. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "काकी, एक फांदी द्या ना." काकी सरळ सांगायची, "देणार नाय. मागून नेलेला मनीप्लांट धरत नाय. तो चोरायचा असतो." मग कात्री खिडकीत ठेवून स्टोव्हकडे जायची आणि पाठमोरी ओरडायची, "मी काय बघत नाय गो! लवकर आटप, चहा उतू चाललाय!"

तिचा मूळ वेलही चोरीचाच. काका रोह्याला कंपनीत होते. लग्न झालं त्या वर्षी तिथल्या साहेबांच्या बंगल्यातून त्यांनी तो जेवणाच्या डब्यात लपवून आणला होता. "आख्ख्या जन्मात या माणसानं एवढी एकच चोरी केली," काकी सांगायची. "ती पण माझ्यासाठी. आणि आणलं काय, तर पाला!" असं म्हणून ती फोटोकडे बघत हसत राहायची. काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मी लग्न होऊन गडबहून आले तेव्हा कोणाशी बोलायला घाबरायचे. पाणी भरायलासुद्धा सगळ्या बायका गेल्यावर जायचे. काकीनेच मला हाताला धरून गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला नेलं. "बोलता येत नाय तर बोलू नको. गणपती काय उत्तर मागत नाय," म्हणाली. ती मूर्तींचे मुकुट रंगवायची, मी शेजारी बसून बाजूबंद.

तिचा वेल मला फार हवा होता. पण चोरायची मोकळीक असली तरी हात पुढे होईना. एकदा ती पाठमोरी झाल्यावर मी घाईघाईने एक मोठं पान देठासकट कापलं आणि पदराखाली धरून पळाले. बाटलीत ठेवलं. पावसाळा सरला, पान हिरवंगार राहिलं, देठाला दोन धागे फुटले, पण नवीन पान काही येईना. शेवटी काकीच एक दिवस घरी आली. बाटली उजेडात धरून बघितली आणि हसून हसून खालीच बसली.

"अगो सुमन, चोरी केलीस ती पण नुसत्या पानाची! डोळा कुठं हाय याला?"

देठ वेलाला जिथे चिकटतो तिथे एक गाठ असते. खरं मूळ तिथूनच फुटतं आणि नवा कोंबही. काकी तिला डोळा म्हणायची. "डोळ्याच्या खाली बोटभर सोडून कापायचं. डोळा पाण्यात, पानं बाहेर. पाणी बदलत राहायचं. आणि मूळ आलं का म्हणून सारखं उपसून बघायचं नाय. लाजतो तो. तुझ्यासारखाच हाय." मग मला हाताला धरून तिच्या खोलीत नेलं, कात्री ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "हां, आता परत चोर. या वेळेला नीट."

त्या वेळी मी डोळा बघून कापलं. तो वेल धरला.

पुढे चाळ पाडायची ठरली. आम्ही जवळच भाड्याची खोली बघितली आणि काकीला तिचा मुलगा रोह्याला फ्लॅटवर नेणार होता. भिंतीवरचा वेल अख्खा सुटण्यासारखा नव्हताच. चाळीतल्या सगळ्या बायका येऊन तुकडे कापून नेत होत्या आणि काकी दिवसभर भिंतीकडे पाठ करून बसली होती. स्वतःसाठी तिने एकच फांदी ठेवली. घरातल्या बाटल्या सामानात बांधल्या गेल्या होत्या, म्हणून कारखान्यातली ब्रश भिजवायची बाटली धुऊन घेतली.

रोह्याला ती फांदी काळी पडली. "कुजली गो," काकी फोनवर म्हणाली. "सगळ्यांना शिकवलं आणि मीच थिनरच्या बाटलीत घातली. त्यांचं तेवढंच होतं माझ्याकडं."

"मी आणून देते ना, काकी. माझ्याकडे तोच वेल आहे."

"आणू नको!" ती एकदम तडकली. "आणून दिलेला धरणार नाय. दोनदा मेलेला मला बघवायचा नाय."

त्यानंतर दर फोनला शेवटी हळूच विचारायची, "तुझा कसा हाय?" मी म्हणायचे, "बरा आहे, खिडकीच्या बाहेर गेलाय." "व्हय? बरं." आणि फोन ठेवायची. ते 'बरं' मला दिवसभर पुरायचं.

उन्हाळ्यात मी मनाचा हिय्या करून तिला बोलावलं. म्हटलं, पोह्याचे पापड करायचेत, मला एकटीला पीठ कांडायला जमत नाही. मुलाने तिला गाडीत बसवून दिलं. आली, गुडघे धरत बसली, "तुझ्या लाट्या अजून लहानमोठ्याच," म्हणून मला बोलली आणि सगळे पापड होईपर्यंत खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. निघायच्या आधी मी कात्री खिडकीत ठेवली आणि स्टोव्हकडे तोंड करून उभी राहिले.

"मी काही बघत नाही हं, काकी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला. "लवकर आटपा, चहा उतू चाललाय."

चहा अजून टाकलाही नव्हता. मग कात्रीचा आवाज आला.

स्टेशनवर तिने पिशवी पोटाशी धरली होती. "काही राहिलं नाही ना, काकी?" मी विचारलं. "काय नाय राहिलं," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. "आता दोघी सारख्याच चोर."

गेल्या वर्षी काकी गेली. मी रोह्याला भेटायला गेले तेव्हा फ्लॅटच्या खिडकीतून वेल निघून खिळ्याखिळ्यावरून काकांच्या फोटोपर्यंत पोचला होता. शेजारी काकीचा नवा फोटो होता. त्याच्यापर्यंत एक कोवळं पान आलं होतं. सुनेने मला वेलाकडे बघताना पाहिलं. तिने कात्री खिडकीत ठेवली आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली.

मी कात्री उचलली नाही. माझं काही घ्यायचं राहिलं नव्हतं, तिचंही काही द्यायचं राहिलं नव्हतं. सगळं फिटलं होतं.