करवंटीतला साबण

खालांचा जगातल्या कुठल्याच मापावर विश्वास नव्हता. तांदूळ मुठीनं, मीठ चिमटीनं आणि पाहुण्याची भूक त्याच्या तोंडाकडे बघून. "मोजायचं कशाला? हात काय आंधला हाय?" असं त्या म्हणायच्या. मुरुडच्या शाळेत बदली होऊन मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला जेवायला बोलावलं. भात अख्ख्या कुटुंबाला पुरेल एवढा होता आणि घरात त्या एकट्याच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता एक मुलगा शारजात नोकरीला होता.

मुलगा सुट्टीवर आला की पिशवी भरून वासाचे साबण आणायचा. खाला ते कपाटात कपड्यांच्या घड्यांत ठेवत, अंगाला कधी लावत नसत. "लावला की संपला. मग कपाट उघडून काय हुंगू?" बाजारचा साबण आमच्या विहिरीच्या मचूळ पाण्यात फेस देत नसे. खोबरेल तेलाचा देतो, असं त्यांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं. लगेच वाडीतल्या नारळांचं तेल काढून आणलं आणि मला हाक मारली, "बाय, चल गो, साबण करू."

दोघींनाही त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कॉस्टिक सोडा वजन करूनच घ्यायचा असतो एवढं मी वाचलं होतं, म्हणून काटा घेऊन गेले. खालांनी तो बाजूला सारला आणि सालनात तिखट घालावं तसा सोडा चमच्यानं अंदाजे पाण्यात टाकला. साबण खिरीसारखा पातळच राहिला. दुसऱ्या खेपेला तर करवंट्यांत ओतलेल्या साबणावर त्यांनी वरून सोडा भुरभुरवला, "अळणी वाटतंय" म्हणून. दुसऱ्या दिवशी, मी नको नको म्हणत असताना, जिभेचं टोक लावून चवही घेतली. मग काही दिवस बाई नुसत्या पेजेवर होत्या. "मीठ जरा जास्त झालं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मात्र काटा निमूटपणे ओट्यावर आला.

पुढं साबण जमला. करवंटी फोडून काढलेल्या गोल वड्या महिनाभर वाळवाव्या लागत. एरवी खालांना धीर म्हणून नव्हता, पण हे वाट बघणं त्यांना आवडे. रोज सकाळी ओटीवर वड्या उलटताना म्हणायच्या, "पोराचा दिवस सरकतो गो. ईदला येतो म्हणतो, मग बकरी ईदला, मग बघू म्हणतो. ह्याचा सरकत न्हाय." त्यांना भोवती माणसांचा आवाज हवा होता, बाकी काही नको होतं. मुलाकडे जावं असं फार वाटे, पण त्यानं बोलावल्याशिवाय तोंडानं मागायचं नाही, हा हट्ट.

गेल्या वर्षी मुलगा आला आणि म्हणाला, "अम्मी, आता तू इथं एकटी राहायची नाही." खालांनी सगळ्या मोहल्ल्याला बिर्याणी घातली, अर्थात अंदाजानं, आणि ती उरलीच. सुनेसाठी साबणाच्या वड्या जुन्या ओढणीत बांधून घेतल्या. गाडी निघाली तेव्हा मागं वळून पाहिलंसुद्धा नाही, इतक्या त्या खुशीत होत्या. मला घरात शिरवेना. एकट्या म्हातारीला मी सोबत करते, असं मी सगळ्यांना सांगायचे. सोबत मलाच होती, आणि ती गेली.

परवा मी त्यांच्याच ओटीवर साबण ढवळत बसले होते, तेवढ्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन नारळाला टेकवून ठेवला आणि घरची खुशाली विचारली.

"बरी हायत सगळी. पोरगा कामाला, सून कामाला, नात शाळंत. राती येतात, जेवतात, आपापला मोबाइल घेऊन निजतात. मी दिवसभर खिडकीत. खाली नुसत्या गाड्या." मग हसल्या. "कुणाला सांगू नको हां. पोरगा माझा लय चांगला हाय."

इकडे साबण घट्ट होत आला होता. अशा वेळी तो चटकन करवंट्यांत ओतावा लागतो, नाहीतर सगळा वाया जातो. "खाला, एवढं ओतून घेते आणि लगेच फोन करते," मी म्हणाले.

"नको गो ठेवू. बोलू पण नको. तू ढवळ, मी बघत्ये."

साबण पळीला चिकटायला लागला होता. मी ढवळत राहिले.