यंत्राने शिकवलेलं एक अक्षर

माझ्या माडीवर भाड्याने राहणारी दोन पोरं पीएचडी करतात. एक चष्मेवाली पोरगी आणि एक उंच पोरगा. विषय काय म्हणून विचारलं तर म्हणाले, यंत्राला मास्तर करायचंय. म्हटलं, इथे शिकलेली माणसं मास्तर व्हायला रांगेत उभी आहेत, त्यांना करा की आधी. पोरगी हसली. पोरग्याने माझं बोलणं वहीत उतरवून घेतलं.

त्यांना म्हणे प्रयोगाला एक म्हातारा हवा होता. वाचता न येणारा, पण डोकं शाबूत असलेला. आता अण्णा नगरात असला म्हातारा कुठून मिळायचा? इथे रखवालदारसुद्धा खुर्चीत बसून पेपर वाचतो. मग त्यांची नजर खाली, घरमालकावर पडली.

"ताता, तुम्हाला तमिळ वाचता येत नाही ना?" पोरगी मोठ्या आशेने म्हणाली. ताता म्हणजे आजोबा. आमचं बोलणं सगळं तमिळमध्येच.

"नाही येत. पण मी मराठी चौथी पास आहे. तुमच्या कागदावर कुठे निरक्षर लिहिलंत तर खोली खाली करायची."

मी सांगली जिल्ह्यातला. सोनं आटवायच्या धंद्यात मिसरूड फुटायच्या आत इथे तमिळ मुलखात आलो आणि पन्नास वर्षं भट्टीपुढे बसलो. तमिळमध्ये बोलतो, भांडतो, शिव्या देतो. वाचायची वेळ आली नाही, कारण वाचणारी घरात होती. माझी बायको तंजावरच्या मराठी घरातली. बोलायची मराठी, पण शाळा तमिळ, म्हणून मराठी लिहायची ती तमिळ अक्षरांत. तिची किराणाची यादी बघून दुकानदार चक्रावायचा. अक्षरं त्याची, भाषा आमची.

पोरांना मी हो म्हणालो त्याला कारण होतं. ते त्यांना सांगितलं नाही.

आठ महिन्यांमागे बायको दवाखान्यात होती. ऑपरेशन झालं, घशात नळी घातली, बोलणं बंद. मग ती पॅडवर लिहायची. नर्स ते मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचो. नर्सला अर्थ कळत नसे, मला अक्षर कळत नसे. दोघांत मिळून एक शहाणा माणूस व्हायचा. शेवटच्या दुपारी नर्स दुसऱ्या पेशंटकडे गेलेली. बायकोने एकच अक्षर लिहिलं आणि पॅड माझ्यापुढे धरला. मी कळल्यासारखी जोरात मान हलवली. संध्याकाळी ती गेली. आपण कशाला हो म्हणालो, हे मला माहीत नव्हतं. आणि शेजाऱ्याला विचारावं तर आपण बायकोला शेवटी फसवलं, हे सांगावं लागणार.

तर शिकवणी सुरू झाली. आधी नऊ पानांचा इंग्रजी कागद. मला सगळं वाचून समजलं आहे, अशी सही करायची. वाचता येत नाही म्हणून निवडलेल्या माणसाने! केली.

यंत्र म्हणजे फोनच. आतून एक बाई गोड बोलायची. बरोबर बोललो की "अरुमै, ताता!", म्हणजे फारच छान. चुकलो तरी आवाज तोच. एकदा मुद्दाम अक्षराऐवजी बटाटा म्हणालो. "सुंदर प्रयत्न!"

"ही बाई चूक म्हणून सांगत का नाही?"

"शिकणाऱ्याचं मनोबल खचतं, ताता," पोरगा म्हणाला.

"मी पितळेला सुंदर प्रयत्न म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकाने मलाच भट्टीत घातलं असतं."

धडा संपला की पाच तोंडं दिसायची, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आपलं कुठलं ते दाबायचं. मी रडकं दाबलं. बाई म्हणाली, गाणं लावू का?

तिसऱ्या दिवशी फोनवर एक अक्षर आलं आणि मी फोन डोळ्यांशी धरला. पॅडवरचंच ते. हजारात ओळखलं असतं. बाई म्हणाली, "का."

का?

ऑपरेशन नको, असं बायको म्हणत होती. कागदावर सही मी केली. ती विचारत होती, का? आणि मी नंदीबैलासारखी मान हलवली. चार दिवस घास उतरला नाही. शिकवणीलाही बसलो नाही.

पाचव्या दिवशी दोघं खाली आली. ताता, तुम्ही सोडलंत तर आमचे गाइड आम्हाला खातील, म्हणाली. मी पॅड आणून पुढ्यात टाकला. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं सांगून टाकलं.

पोरग्याने लगेच फोटो काढून यंत्राला विचारलं. बाई म्हणाली, "का, म्हणजे रक्षण कर. कुणी संकटात आहे का? पोलिसांचा नंबर देऊ?"

"माझी बायको पोलीस बोलवत नव्हती, बाई."

पोरगी पॅडकडे बघत होती. "ताता, हे मराठी आहे ना? मग हा का-च कशावरून? तमिळमध्ये क, ख, ग, घ चौघांना एकच अक्षर."

डोक्यात चौथीचा वर्ग सुरात ओरडायला लागला. का, खा, गा, घा!

"यंत्राला हे माहीतच नाही!" पोरगा उडालाच. "आपला पेपर झाला!" पोरगीने त्याला असा चिमटा काढला की तो खाली बसला. तरी पेन काढून म्हणालाच, "ताता, रकान्यात एकच उत्तर बसतं. चारातलं कुठलं?"

घा म्हणजे काहीच नाही. गा म्हणायला तिने माझा आवाज ऐकलेला होता. राहिले दोन. मी पोरगीला मागची पानं वाचायला लावली. कशाला आलात. कशाला जागता. कशाला रडता. सगळीकडे कशाला. चाळीस वर्षं मी तिचं तेच ऐकलं होतं. नुसता का तिच्या तोंडी कधी नव्हता. आणि त्या दिवशी मी सकाळपासून उपाशी तिच्या खाटेशी स्टुलावर बसून होतो.

खा. अहो, खा, एवढंच म्हणत होती. मी मान हलवली आणि जेवायला उठलोच नाही. हा नुसता मान हलवतोय, हे तिला कळलं नसेल असं नाही.

"ताता, काय लिहू?" पोरगा.

"थांब जरा. आधी जेवतो."

सकाळचे अकरा वाजले होते. पातेल्यात कालचा भात होता, दही आंबलेलं. पोरगा वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि सगळा भात संपवला.