खाडीतल्या बोईची गाबोळी

लेकीला पाचवा महिना लागला आणि तिला गाबोळीचे डोहाळे सुरू झाले. तीही खाडीतल्या बोई माशाचीच हवी, कारण लहानपणी माझ्या हातची माशाची अंडी म्हणजे तिला तीच माहीत. कितीतरी वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्यावर हे दिवस दिसले होते. एरवी मी धावत बाजारात गेले असते. पण ऐकून मला धडकीच भरली.

दोष माझ्या नोकरीचा. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मी माशांच्या टाक्या सांभाळते. एकीत साबणाचा अंश, दुसरीत कीटकनाशकाचा, तिसरीत औषधाचा. सगळं सुरक्षित मर्यादेच्या आत. त्या तिन्ही टाक्यांत मासे मजेत अंडी घालतात. चौथीत हे तिन्ही एकत्र, तेवढ्याच प्रमाणात. तिथल्या माद्या खातात, छान पोहतात, पण अंडी जेमतेम घालतात, आणि त्यातलीही बरीच पांढरी पडून मरतात. ती रोज मीच उचलून टाकते, आणि आमच्या खाडीत तर हे सगळंच येऊन मिळतं. माशांचं माणसांना लावू नये, हे मलाही कळतं. कळून उपयोग काय?

"आई, आणतेयस ना?" लेकीने पुन्हा विचारलं.

"आणते गं बाई," म्हटलं, पिशवी घेतली आणि घराजवळच्या पूनम सागरवरून रिक्षाने भाईंदरचा बाजार गाठला. वाटेत गाबोळी न नेण्याच्या सबबी जुळवत होते. पाय मुरगळला म्हणू, की आज बाजारच भरला नाही म्हणू? एकही धड नव्हती.

उत्तनची नेहमीची मासेवाली भेटली. मी गाबोळी म्हटल्याबरोबर ती एकेक बोई उचलून पोट दाबून बघायला लागली. शेवटी वैतागून तिने दोन चिरल्याच. आत काही नव्हतं.

"बाय, या दिवसांत पोट कसं टम्म असतं. यंदा न्हाय," ती म्हणाली. "दुसरं कायतरी ने. हलवा ताजा हाय."

मला एकदम हलकं वाटलं. सुटले बाई, आता खोटं बोलायला नको! बाजाराबाहेर येईपर्यंत ते हलकेपण टिकलं. मग माझाच मला भयंकर राग आला. माशांची पोटं रिकामी निघाली म्हणून मी खूश होत होते! घरी पोचेपर्यंत ती चौथी टाकी डोळ्यांसमोरून हलली नाही.

लेकीला सांगितलं, बोईत गाबोळीच नाही. ती हिरमुसली. मग माझा चेहरा बघून तिने माझा हात ओढला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"एवढी कशाला घाबरतेस गं? माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. एकूण एक."

लॅबच्या वहीत पहिल्या तिन्ही टाक्यांपुढे मीही रोज हाच शब्द लिहिते. हात तसाच ठेवून मी म्हटलं, "हो गं."