आऊट, सेफ आणि मी

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमचा मराठी आज्यांचा ग्रुप आहे. त्यात खेळ घ्यायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. पहिल्याच महिन्यात हाउजी घेतली, तर दोघी पेंगल्या. "या वेळीही जमलं नाही तर खेळ मीच घेईन हं," ग्रुपच्या प्रमुख वहिनी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण खरंच सांगत होत्या.

म्हणून मी मुलाच्या बेसमेंटमध्ये शिरले. त्याला जुने जपानी व्हिडिओ गेम जमवायचा नाद. एका खोक्यावर किमोनोतली हसरी बाई होती. मुलगा ऑफिसच्या कॉलवर. दारातूनच विचारलं, "हे काय रे?"

"जपानी पार्टी गेम, आई. दगड-कागद-कात्री. पण थांब, नंतर सांगतो."

नंतर कोण ऐकतंय! मला आपलं अर्ध्या वाक्यात सगळं कळतं. मशीन जोडून घेतलं आणि दुपारी आठजणींना मोठ्या टीव्हीसमोर बसवलं. ती बाई नाचली, मशीन खरखरलं, "आऊट! सेफ!" मी जिंकले. तिने पंखा ठेवला. पुन्हा जिंकले. तिने कमरेचा पट्टा सोडला.

"उकडत असेल बिचारीला," मी म्हणाले. देवाशपथ, असंच म्हणाले.

किमोनो खांद्यावरून घसरला तशा वहिनी ओरडल्या, "अहो, बंद करा ते!"

बंद कुठून करतात ते मला कुठे माहीत? म्हटलं, निदान हरू या. तर जन्मात कशात न जिंकलेली मी, त्या दिवशी हरेचना! ऐंशीच्या पुढच्या मावशी म्हणाल्या, "खेळू द्या गं तिला, आज कुणी झोपलं नाहीये." शेवटी मी शाल काढून टीव्हीवर टाकली. म्हणजे अंगावरचं उतरवलं मीच.

आरडाओरडा ऐकून मुलगा धावत आला. "अगं आई, जपानात पूर्वी मेजवानीत बेसबॉलमधलं 'आऊट, सेफ' गात हा खेळ चालायचा. हरेल त्याने एक कपडा उतरवायचा. कंप्युटर आले तेव्हा त्याचेच असे गेम निघाले, फक्त मोठ्यांसाठी!"

"मग आम्ही काय लहान आहोत?" म्हणाले खरी, पण वर बघवेना.

आता खेळ वहिनी घेतात. मावशी मात्र अजून फोनवर हळूच विचारतात, "त्या बाईचं पुढे काय झालं गं?"

खरंच माहीत नाही हो. शालीखालून नुसतं "आऊट, सेफ" ऐकू येत होतं.