नसीमची निळी बाटली

चहाचा कप हातात दिला की नसीम तो आधी खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. सरबत असो, माझं खोकल्याचं औषध असो, आधी रंग बघणार. मला वाटलं, पोरीला चहात माशी दिसली की काय. "नाही हो मावशी," ती म्हणाली, "सवय लागलीय. रंग खोटं बोलत नाही."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इंदिरानगरातल्या आमच्या वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. मालेगावच्या विणकराची मुलगी. कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि त्यातच पीएचडी करायची. मी सातवी शिकलेली, पण विचारायची भारी हौस. ती पाण्यात चांदीचे इवलेसे त्रिकोण तयार करायची, केसाच्या जाडीत हजारोंनी मावतील एवढे. त्रिकोण असले की पाणी निळं, कोपरे झिजून गोल झाले की पिवळं. "चांदी तीच ना गं?" मी विचारलं. तर माझ्या पोळपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "घडी घातली की त्रिकोण, लाटली की गोल. कणीक बदलते का?"

काही त्रिकोणांना ती सोन्याची किनार चढवायची, लुगड्याला काठ असतो तशी. पण तिचे मार्गदर्शक सर खूश नव्हते. या किनारीचा उपयोग काय ते दिवाळीच्या आत दाखव, नाहीतर विषय बदल, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा असायची. त्यासाठी झेंडूच्या माळा करायला नसीम दरवर्षी माझ्याजवळ बसायची. तिथले शिपाई भिकाभाऊ तराजूला, बर्नरला हळदकुंकू लावायचे. त्या वर्षी त्यांनी हौसेने नसीमच्या रिकाम्या बाटल्याही मांडल्या. दसऱ्यानंतर तिने त्या भरल्या, आणि दुपारपर्यंत साध्या चांदीचं निळं पाणी पिवळं पडलं. घरी आली ती न जेवता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने भिकाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "म्याडम, देवापुढं मांडायच्या म्हणून मीठ-लिंबानं घासल्या. समईवानी. डाग लय होते." आणि आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभे राहिले.

नसीमचं लक्ष मात्र शेजारच्या बाटल्यांवर होतं. त्याही तशाच घासलेल्या, पण त्यात किनारवाले त्रिकोण होते, आणि पाणी निळंच होतं. बाटल्यांत राहिलेल्या मिठाने उघड्या चांदीचे कोपरे खाल्ले होते. सोन्यापुढे त्याचं काही चाललं नव्हतं. मग तिने स्वच्छ बाटल्या घेऊन मीठ मोजून घातलं, पुन्हा पुन्हा घातलं. तेच झालं. त्या दिवशी पोरगी माझ्याकडे पोटभर जेवली.

शेवटच्या तोंडी परीक्षेला मी आणि भिकाभाऊ मागच्या बाकावर होतो. मीठ कसं सुचलं विचारलं, तर वाचनातून सुचलं म्हण, असं सरांनी तिला आधीच सांगून ठेवलेलं. बाटल्यांची गोष्ट बाहेर आली तर लॅबची शोभा होईल ना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. नसीमने दसऱ्यापासून सगळं सांगितलं, भिकाभाऊंच्या नावासकट. लोक हसले. परीक्षक म्हणाले, "हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"सर, बाटलीत काय राहिलं होतं हे मी लपवलं, तर पुढचा माणूस त्यातच फसेल," ती म्हणाली.

परीक्षकांनी भिकाभाऊ कुठे बसलेत ते विचारलं आणि तिथूनच त्यांना हात जोडले.

नसीम आता बंगळुरूला असते. भिकाभाऊ निवृत्त झाले, भाजी घेताना भेटले की आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "ते आम्ही दोघांनी शोधलं." मी नसीमला फोनवर हे सांगितलं. वाटलं, हसेल. तर म्हणाली, "बरोबरच आहे, मावशी. माझ्या पार्टनरना सलाम सांगा."